चार्ज देताना

कल्पेश, किल्ल्या या तीन.
मोठी दाराची, मधली कपाटांची,
लहान कशाची ते शेवटी सांगते.

पेपर आठला दांडीत अडकव.
म्हातारे साडेसातलाच पायरीवर येऊन बसतात, बसू दे.
अनुदानाची फाईल, शिक्का,
दोनवर ठेवला की कण्हणारा पंखा,
हे तुला कुणीही सांगेल.

माझं सांगणं खिडकीखालच्या कपाटाचं.
त्यावर ‘कुमार विभाग’ अशी पाटी होती.
मिसरूड फुटलेल्या पोराला कुमार म्हटलं
की तो परत येत नाही. काढून टाकली.

आत राजा नाही, हुशार कोल्हा नाही,
शेवटी बक्षीस समारंभ नाही.
एकात बाप पितो, आणि शेवटच्या पानावरही पितोच.
एकात मैत्रीण पहिल्याच प्रकरणात स्वतःला संपवते,
उरलेली दोनशे पानं मागे राहिलेल्यांची.
एकात काका आहे.
एवढंच सांगायचं, काका आहे,
जिला कळायचं तिला कळतं.

दिवाळी ते होळी नंदुरबारभर पथाऱ्या लाल असतात.
पोरी देठ खुडून संध्याकाळी येतात,
बोटं पेटलेली.
पुस्तकं ठसक्यासकट परत येतात.
पान उलटताना तुला शिंक आली
तर समज, हे चांगलं फिरलंय.
त्यांना देताना फक्त एक सांग:
रडू आलं तर डोळ्याला हात लावू नको, बाई,
तसंच गळू दे.

आणि कधी म्हणू नको, ‘हे खास तुझ्यासाठी.’
पोरं दचकतात,
आपल्या घरातलं याला कुणी सांगितलं?
म्हण, परवा कुणी परत केलं,
लावायचं राहिलंय.
टेबलावर उलटं ठेव आणि चहाला जा.
चहा सावकाश पी.

हिलाल अप्पा येतील, कमिटीचे.
पोरांच्या डोक्यात हे कशाला, म्हणतील.
मी त्यांनाच एक दिलं होतं,
वाचा, मग आपण काढून टाकू.
नऊ आठवडे ठेवलं त्यांनी.
वर्तमानपत्रात गुंडाळून आणलं, दंड भरला,
सुट्टे सुद्धा मागितले नाहीत.
तेव्हापासून फक्त पंख्याबद्दल बोलतात.

आता जयमाला कोळीचं.
नववीत होती. कपाटासमोर उभी राहून म्हणाली,
‘मॅडम, खरंखरं काही शे का?’
लाल कापडी बांधणीचं माझ्या हाताशी होतं,
पंधरा वर्षांच्या मुलीचं.
ती पळत नाही, कुणी तिला सोडवायला येत नाही,
एकशे चाळिसाव्या पानावर फक्त नाही म्हणते,
आणि पुढे तिला जे सोसावं लागतं
ते लिहिणारीनं झाकलेलं नाही.
मी जयमालाला शब्दकोड्यांचं दिलं.
उद्या तिच्या घरचे कुणी आले तर काय सांगू,
एवढाच विचार केला होता.

आले. तिचा धाकटा भाऊ आला.
अनामत पन्नास रुपये, दोनदा मोजले.
‘ताईनं लगीन व्हई गयं. सुरतले गयी.’
कोडी सगळी सोडवलेली होती, पेन्सिलनं,
एक सोडून.

पुस्तकानं लग्न थांबतं असं मी म्हणत नाही.
चाळीस वर्षं या खुर्चीत बसले,
एकही थांबलेलं पाहिलं नाही.
पण तो शब्द
छापलेला
तिनं एकदा बघितला असता.

लहान किल्ली खणाची.
आत वही आहे, नोंद न करता गेलेल्यांची.
नावं नाहीत. ‘निळी ओढणी’,
‘सायकलला घंटी नसलेला’,
‘तंबाखूवाल्याचा मधला’.
सव्वीस यायची आहेत. तगादा लावू नको.

शेवटची ओळ माझ्या अक्षरात आहे,
लाल बांधणी, सुरत.
पत्ता अर्धाच मिळाला होता,
गल्लीचं नाव, आणि ‘साडीच्या कारखान्यामागे’.
पोस्टातून परत आलं
तर सही करून घे,
खिडकीखाली लाव.

पंखा तीनवर ठेव.